तुम्ही विचारलंत म्हणून: दर शनिवारी नवी बाग कशाला?

लंडनच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत, पुण्याहून येणाऱ्या फोनवर, ऑफिसात, सगळीकडे तोच प्रश्न. घरामागच्या बागेत दर शनिवारी पार्करन नावाची सामूहिक धाव होते, मग ही बाई भल्या पहाटे उठून, भुयारी रेल्वे बदलत लंडनच्या दुसऱ्या टोकाला पळायला का जाते? आणि लगेच पुढचा: मेडल मिळतं का?

मेडल मिळत नाही. फीसुद्धा नसते. शनिवारी सकाळी नऊला पाच किलोमीटर, बस. एकदा नाव नोंदवलं की बारकोड मिळतो, तोच सगळ्या बागांत चालतो. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कात १३ जण धावले, तिथून हे वाढत गेलं. आज एकट्या लंडनमध्ये पन्नासहून जास्त ठिकाणी होतं.

‘लंडन बघायला मिळतं’ असं उत्तर मी आजवर देत आले, आणि ते खोटं नाही. डॉलिस हिलला मंडळात आपण इतकी वर्षं जातोय, पण शेजारच्या ग्लॅडस्टन पार्कचा चढ पायांना कळला तो पार्करनमुळेच. बुशी पार्कात हरणं मोकळी फिरतात. हायबरीची बाग एवढीशी, की पाच किलोमीटर भरायला फेऱ्यांवर फेऱ्या माराव्या लागतात. ग्रिनिचची पार्करन वेधशाळेच्या बागेत असेल असं वाटतं, ती होते एव्हरी हिलला. मला हे सगळं मनापासून आवडतं. पण तेवढ्यासाठी जानेवारीच्या काळोखात कोणी घराबाहेर पडत नाही, हे तुम्हालाही कळतं.

पार्करनच्या आधी मी एका दहा किलोमीटरच्या शर्यतीत उतरले होते. पैसे भरून, छातीवर नंबराचा बिब लावून. सातव्या किलोमीटरनंतर पाठीमागे गाडीचा आवाज सुरू झाला, तो हटेचना. शेवटी खिडकीतून एकीने सांगितलं, रस्ता उघडायचाय, गाडीत बसा नाहीतर फुटपाथवर जा. मी फुटपाथवर गेले. तिथून पुढे सिग्नलला थांबत, बाबागाड्या आणि खरेदीच्या पिशव्यांमधून वाट काढत धावले. बाणांच्या पाट्या उचलून झाल्या होत्या, एका वळणावर तर रस्ता विचारावा लागला. पोचले तेव्हा फिनिशची कमान जमिनीवर आडवी होती. दोन मुलं ती गुंडाळत होती, आणि उरलेली हवा निघावी म्हणून त्यातला एक तिच्यावर गुडघे रोवून बसला होता. वेळ नोंदवणारी चटई केव्हाच गेली होती. नवरा माझी पिशवी धरून उभा होता. तो काहीच बोलला नाही. निकालात माझ्या नावापुढे ‘अपूर्ण’. मी पूर्ण केली होती, दहाच्या दहा! ईमेल केला तर उत्तर आलं, वेळेची मर्यादा नियमांत दिली होती. दिली होतीच. तरी आजही मला ते पटत नाही.

पार्करनमध्ये सगळ्यांच्या मागे एक स्वयंसेवक चालतो, टेलवॉकर. शेवटचा नंबर कायम त्याचा. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ‘नक्की ना?’ म्हणून परत विचारलं होतं.

मग घरामागची बाग का सुटली? तिथली माणसं वाईट नाहीत, फार चांगली आहेत. मी येईपर्यंत ताटकळायची, नावाने हाका मारायची, टाळ्या वाजवायची. माझा वेग काही वाढेना, आणि त्या टाळ्या मला टोचायला लागल्या. ‘आज छान वाटत होतीस’ असं म्हणायची, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखी. नव्या बागेत सुरुवातीला विचारतात, बाहेरून कोण आलंय? मी हात वर करते. टाळ्या तिथेही पडतात, पण त्या लांबून आल्याच्या.

एके काळी मीच अशा बागा पालथ्या घालणाऱ्यांना नावं ठेवायचे. ती जुनी मी अजून भांडते: जे तुझ्यासाठी थांबतात त्यांना टाळून परक्यांत जातेस, हे बरं नाही. मी म्हणते, आठवड्यातली एक सकाळ तरी कोणी माझी काळजी करू नये. ती म्हणते, मग त्यांना तसं सांगत का नाहीस? यावर माझ्याकडे उत्तर नाही. मध्येच कधीतरी घरामागे टेलवॉकर म्हणून नाव देते, तेवढ्याने ती गप्प बसत नाही.

येत्या शनिवारी क्रिस्टल पॅलेस. तिथे चढ आहे. कोणाला यायचं असेल तर जरूर या. फक्त मी मागे पडले तर थांबू नका.