डिटेक्टर घेतल्यानंतर जागा शोधायला लागलेलं वर्ष

मेटल डिटेक्टर घेतल्यावर पहिले चार महिने मी जागा निवडायचो ती फक्त सोयीने. गाडी लावता येईल, गवत फार वाढलेलं नसेल, कुणाचं येणंजाणं नसेल, अशा पडीक जागी जायचं, कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची धातू ओळखणारी चकती, जमिनीलगत फिरवायची आणि वाजेल ते खणायचं. निघायची ती बाटल्यांची बुचं, शीतपेयाच्या डब्यांच्या कड्या, चंदेरी वेष्टनाचे चुरगळलेले तुकडे. मला वाटायचं, यंत्राचं सेटिंग चुकतंय. रोज रात्री माहितीपुस्तिका उघडून बसायचो. यंत्र ठीक होतं. मी जिथे जात होतो तिथे पूर्वी कुणी फारसं थांबलेलंच नव्हतं.

हे लक्षात आल्यावर मी दोन महिने डिटेक्टर बाजूला ठेवला आणि एकच प्रश्न धरून बसलो: माणसाच्या हातातून, कमरेतून, गळ्यातून वस्तू पडते कधी? वाकताना, बसताना, कपडे उतरवताना, पैसे देताघेताना, चढण चढताना, पाण्यातून जाताना. म्हणजे झाडाची सावली, विहिरीचा काठ, बाजार भरायचा ती मोकळी जागा, खेळाचं मैदान, बांधावरची सगळ्यांना ओलांडावी लागणारी खिंड, ओढ्याचा उतार. मग या जागा नकाशावर शोधायला लागलो.

जुना मोजणीचा नकाशा आणि आजचं उपग्रहचित्र एकमेकांवर ठेवून पाहणं, हे माझ्या मते या छंदातलं सर्वांत मोलाचं काम. दोन्हींत न हललेल्या तीन-चार खुणा घ्यायच्या, उदाहरणार्थ जुना पूल, विहीर, रस्त्याचं वळण, आणि त्यांवर नकाशा जुळवायचा. मग दिसतं की आज जिथे सलग शेत आहे तिथून एकेकाळी पायवाट जात होती, ती दुसऱ्या वाटेला मिळत होती आणि पुढे ओढ्यात उतरत होती. मला अशी एक जागा सापडली तेव्हा मी ती वाट बोटाने पुन्हा पुन्हा गिरवली. जमिनीवर तिची काहीही खूण उरलेली नव्हती.

उपग्रहचित्रात आणखी एक गोष्ट दिसते. कोरड्या दिवसांत गाडलेल्या भिंतीवरचं पीक लवकर पिवळं पडतं, कारण मुळांना माती कमी मिळते. बुजलेल्या चरावरचं पीक जास्त दिवस हिरवं राहतं. एका ठिकाणी मला असा स्वच्छ चौकोन दिसला. मोह झाला, हे कबूल करतो. पण तिथे मी गेलो नाही, ती जागा पुरातत्त्व खात्याला कळवली. जमिनीखाली वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी आहे यावरून अभ्यासकाला सगळं कळतं, आणि माझी खुरपी तेवढंच नेमकं पुसून टाकते.

कायदाही आधी वाचावा लागतो. आयर्लंडमध्ये पुरातन वस्तू शोधायला डिटेक्टर वापरायचा तर सरकारी संमती लागते. इंग्लंडमध्ये संरक्षित स्मारकाच्या जागेवर परवानगीशिवाय तो वापरणं १९७९च्या कायद्याने गुन्हा आहे. भारतात १८७८चा निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त मोलाचा गाडलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. जिथे जायचं तिथला नियम आधी, जागा नंतर. आणि जिथे कधी लढाई झाली असेल तिथे अनोळखी लोखंडी नळकांडं दिसलं तर हात न लावता मागे फिरायचं आणि पोलिसांना कळवायचं.

नकाशानंतर मी म्हाताऱ्या माणसांकडे गेलो. सुरुवातीला विचारायचो, ‘इथे जुनं काही सापडतं का?’ ऐकणारा लगेच सावध व्हायचा. मग विचारायला लागलो, ‘तुमच्या लहानपणी लोक पोहायला कुठे जायचे? माल कुठे उतरायचा? पोरं कुठे खेळायची?’ त्यावर माणसं तासभर बोलायची आणि हातवारे करून जागा दाखवायची. माझ्या वहीतल्या निम्म्या चांगल्या जागा अशा गप्पांतून आल्या आहेत.

परवानगीचा भाग मला सर्वांत अवघड गेला. पहिल्या दोन मालकांनी नाही म्हटलं, मी आभार मानून निघालो. तिसऱ्याकडे जाताना कागदावर लिहून नेलं: कुठल्या दिवशी येणार, किती खोल खणणार, प्रत्येक खड्डा बुजवणार, सापडेल ती वस्तू आधी तुम्हाला दाखवणार, आणि कायद्याने ठेवता आली तर वाटणी कशी. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, ‘आधी माझी ट्रॅक्टरची पिन शोधून द्या.’ नांगरलेल्या पट्ट्यात पाऊण तासात ती मिळाली. नकाशावरची ती पुसलेली वाट त्यांच्याच शेतातून जात होती.

अशी हरवलेली वस्तू शोधण्यातून काय निघू शकतं याचं प्रसिद्ध उदाहरण आहे. १९९२च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात एरिक लॉज हे शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होते आणि त्यांना रोमन काळातला ठेवा लागला; त्यात सुमारे १५,००० नाणी होती. सगळे त्यांच्या नशिबाबद्दल बोलतात. मला मोठं वाटतं ते हे, की त्यांनी खणणं मध्येच थांबवून कळवलं. म्हणून पुढचं उत्खनन तज्ज्ञांनी केलं आणि वस्तू पेटीत कशा रचल्या होत्या हेही कळलं.

शेतात उतरल्यावर मी लगेच खणत नाही. आधी लांब लांब फेऱ्या मारून जमीन ऐकतो. खापराचे तुकडे, काचा, कोळसा दिसतो का पाहतो. पूर्वी बारीक खिळ्यांची खरखर ऐकली की वैतागून पुढे जायचो. आता तिथेच थांबतो. खिळे म्हणजे लाकूडकाम, म्हणजे घर, गोठा किंवा गाडी. जे शेत अगदी शांत, तिथे बहुधा कुणी राबता ठेवलेला नसतो. अशा खरखरीत जागी लहान कॉइल लावतो आणि ती अगदी हळू फिरवतो, कारण लोखंड शेजारच्या चांगल्या सिग्नलला झाकून टाकतं. ॲल्युमिनियमचे तुकडे गाळायलाही मी यंत्राला सांगत नाही. सोन्याची पातळ अंगठी बऱ्याचदा तशीच वाजते. पावसानंतर वाफसा आला की सिग्नल जरा खोलवरचे मिळतात. विजेच्या तारांखाली मात्र यंत्र उगाच किरकिरतं.

समुद्रकिनाऱ्यावर थोडंच गेलो आहे, तरी एक कळलं. तिथे जागा रोज बदलते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर ओहोटी खूप मागे जाते, आणि वादळाने वाळू कापून नेली की गोटे, शिंपले आणि मासेमारीची शिशाची वजनं एका पट्ट्यात जमतात. जड वस्तूही तिथेच. ओल्या खारट वाळूत एकाच फ्रिक्वेन्सीचं माझं यंत्र सतत खोटं वाजत राहिलं. त्यासाठी अनेक फ्रिक्वेन्सींचं किंवा पल्स इंडक्शनचं, म्हणजे चुंबकीय स्पंदनं सोडून धातू ओळखणारं, यंत्र लागतं.

त्या शेतातली वाट ओढ्यात उतरते तिथे तिसऱ्या खेपेला एक स्वच्छ, दोन्ही बाजूंनी सारखा सिग्नल मिळाला. वीतभर खोलीवर मातीने गच्च भरलेलं पितळी घुंगरू निघालं. पाण्यात धरून हळूहळू माती सोडवली आणि ते वाजलं. मालकांच्या आईंना दाखवलं तर त्यांनी ते कानाशी धरलं आणि म्हणाल्या, ‘गाड्या इकडे कुठे थांबायच्या? उतार ओलांडला की पलीकडे जनावरं सोडायचे, पाण्यावर.’ पलीकडची जमीन दुसऱ्यांची आहे. त्यांच्यासाठी कागद लिहून ठेवलाय, रविवारी भेटायला जातोय.