लोखंडी भाला जालन्यातच राहिला

आमच्या जालन्यात लोखंडाला तोटा नाही. औद्योगिक वसाहतीत सळयांचे कारखाने आहेत आणि तिथेच मामांचं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. त्यामुळे मुंबईच्या कॉमिक संमेलनात कॉस्प्ले, म्हणजे एखाद्या पात्राची वेशभूषा, करायचं ठरलं, तेव्हा भाला कशाचा करायचा हा प्रश्नच मला पडला नाही.

पात्र मी स्वतः रचलं होतं. १२९६ साली अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, त्या काळातली गडावरची पहारेकरीण. नऊवारीचा कासोटा, पैठणच्या काठाचा शेला, डाव्या हातात ढाल. हिमरूच्या रेशमी-सुती कापडाचा फार मोह झाला होता, पण ती कला आपल्याकडे तुघलकाच्या काळात, म्हणजे पुढच्या शतकात आली असं सांगतात, म्हणून सोडून दिली. मामांनी सात फुटांचा भाला बनवला. अकरा इंची पातं, ग्राइंडरने घासून आरशासारखं चकचकीत केलेलं. इतकी सुंदर वस्तू माझ्यासाठी आजवर कोणी बनवली नव्हती.

नियमावली मी त्यानंतर, स्पर्धेचा अर्ज भरताना वाचली. तुम्ही तरी हा क्रम उलटा ठेवा. धातू नको, काच नको, खरं पातं नको, ताणून बाण सुटेल असं धनुष्य नको, पेटणारं किंवा अंगावरून सांडणारं काही नको. कुठलीही वस्तू सहा फुटांहून लांब नको. तरी आशेने भाल्याचा फोटो मेल केला. दोन दिवसांत उत्तर आलं: धार बोथट केली तरी धातू चालणार नाही.

त्या रात्री मी रडले. मग असे नियम का करतात ते शोधत बसले. १९७२ च्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात एकाने अंगभर शेंगदाण्याचं बटर फासून वेशभूषा केली होती. ते इतरांच्या कपड्यांना लागलं, दिव्यांच्या उष्णतेने खवट झालं, आणि तेव्हापासून अशा वेशभूषेवर बंदी आली. २०१७ मध्ये अमेरिकेत फिनिक्सच्या संमेलनात एक माणूस वेशभूषेच्या आडून खऱ्या भरलेल्या बंदुका घेऊन शिरला. त्याला पकडलं आणि पुढे तिथे शस्त्रांच्या प्रतिकृतींवरच बंदी घातली. शिवाय आपल्या कायद्यात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं घरगुती, शेतीच्या वा तशा कामाचं नसेल, तर ते शस्त्रांत मोडतं. मामांचा भाला मी रेल्वेतून नेणार होते!

मामांना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ते म्हणाले, "लोखंडाच्या गावात फोमचा भाला करायलीस व्हय? कामून?" मी नियमावली वाचून दाखवली. ते गप्प बसले. दुसऱ्या दिवशी चपलांचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानातून दहा मिलिमीटरचं ईव्हीए, म्हणजे चपलांच्या फोमचं, शीट स्वतःच घेऊन आले.

पात्यासाठी दोन थर सोल्युशनने चिकटवले. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग दाबायचं. धारेचा उतार रापीने, म्हणजे चांभाराच्या सुरीने, काढला. माझ्या ब्लेडने फोम फाटत होता, रापीने सरळ कापला गेला. मग हीट गनने पृष्ठभाग बंद केला, पाणी घातलेल्या फेविकॉलचे चार हात दिले, काळा अ‍ॅक्रिलिक रंग लावला आणि वरून कोरड्या ब्रशने चंदेरी. पहिलं पातं मी दुपारी गच्चीवर वाळत ठेवलं आणि आपल्या उन्हात ते वाकडं झालं. दुसरं घरात, पंख्याखाली वाळवलं. दांडा पीव्हीसी पाइपचा. एकूण लांबी पावणेसहा फूट ठेवली आणि मधोमध नळवाल्यांचे एमटीए-एफटीए, म्हणजे एकमेकांत बसणारे आट्यांचे जोड, बसवले, म्हणजे आटे फिरवून दोन तुकडे होतात. ही युक्ती मामांची.

मुंबईत कपडे आतल्या खोलीतच बदलले. दारापाशी तपासणीचं वेगळं टेबल होतं. तिथल्या मुलीने टोक अंगठ्याने दाबलं, पातं वाकवून पाहिलं, आटे उघडायला लावून पाइपमध्ये डोकावली, मग दांड्याला रंगीत पट्टी बांधली. कमरेची कट्यारही फोमचीच, पण ती म्यानातून निघू नये म्हणून प्लॅस्टिकच्या टायने बांधून टाकली. आजीचा पितळी कमरपट्टा मात्र दागिना म्हणून चालला. "भाला खांद्यावर टाकू नका, उभा धरून चाला," असं तिने बजावलं. ते का, हे मला गर्दीत शिरल्यावर कळलं. भाला खांद्यावर ठेवून मी वळले असते तर दांड्याचं मागचं टोक थेट लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवरून फिरलं असतं.

एक नियम वस्तूंचा नव्हता. फोटोआधी विचारायचं आणि हात लावायचा नाही. न्यूयॉर्कच्या संमेलनात २०१४ मध्ये तशा पाट्याच लावल्या होत्या: वेशभूषा म्हणजे संमती नव्हे. दुपारी एकाने न विचारता माझा खांदा ओढून सेल्फी काढला. मी जोरात "नाही" म्हणाले. स्वयंसेवक लगेच आला, फोटो पुसायला लावून त्याला बाजूला घेऊन गेला. गावच्या जत्रेत अशा वेळी मीच मान खाली घालून निघाले असते.

बक्षीस मिळालं नाही. परत आल्यावर मामांनी फोमचं पातं दोन-तीनदा वाकवून पाहिलं आणि शॉपच्या भिंतीवर लोखंडी भाल्याशेजारी टांगलं. मग म्हणाले, "पुढच्या साली चिलखत करू. त्याला किती मिलिमीटरचं शीट लागंल?"