एपीपी व्हायचं म्हणता? तुम्ही विचारलंत म्हणून

लॉच्या शेवटच्या वर्षातली मुलं-मुली आणि नुकतीच सनद मिळालेले ज्युनिअर मला नेहमी विचारतात, ‘मॅडम, सरकारी वकील कसं व्हायचं? आणि चालती प्रॅक्टिस सोडून तुम्ही इकडे का आलात?’ बार रूममध्ये दोन तारखांच्या मधे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

आधी कोणता सरकारी वकील ते ठरवा. २६/११ च्या खटल्यात उज्ज्वल निकम विशेष सरकारी वकील होते. ती नेमणूक त्या खटल्यापुरती असते आणि तिला किमान १० वर्षांची वकिली लागते. सेशन्स कोर्टातल्या जिल्हा सरकारी वकिलांना किमान ७ वर्षं लागतात आणि त्यांची नेमणूक मुदतीची असते. माझी वाट तिसरी : सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे एपीपी. निवड एमपीएससीतून, नोकरी कायम, काम मॅजिस्ट्रेट कोर्टात, आणि बदली होईल त्या गावी जायची तयारी.

आयोगाच्या जाहिरातीत ५ वर्षांच्या वकिलीची अट असते. ती वर्षं ‘कशीबशी काढायची’ असं मुलं म्हणतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. त्या वर्षांत आरोपीच्या बाजूने उभे राहा. जामिनाचे अर्ज स्वतः लिहा, सीनिअरच्या मागे बसून उलटतपास ऐका, मग लहानसहान केसमध्ये स्वतः घ्या. पंचनाम्यातली वेळ आणि स्टेशन डायरीतली वेळ जुळत नाही, हे बचावाचा वकील दोन मिनिटांत हेरतो. ती नजर घेऊन सरकारी बाजूला आलात, तर साक्षीदार पिंजऱ्यात जाण्याआधीच तुम्हाला केसची कमजोर जागा दिसते.

आता काम कसं असतं ते सांगते. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, हातात येतो. पैरवी अधिकारी, म्हणजे कोर्टाचं काम बघणारा पोलीस, कोणते साक्षीदार हजर आहेत ते सांगतो. मधेच रिमांड येतो, जामिनाच्या अर्जावर म्हणणं द्यायचं असतं. मजुरी बुडवून आलेली फिर्यादी बाई सकाळपासून बाकावर बसलेली असते. तिची सरतपास, म्हणजे आमच्या बाजूने घ्यायची साक्ष, आजच व्हावी यासाठी मी जीव तोडते, कारण पुढच्या तारखेला ती येईलच असं नाही. पंच फितूर होतात, म्हणजे कोर्टात साक्ष फिरवतात. गावात रोज आरोपीच्या घरावरून जावं लागणाऱ्या माणसाला मी नुसता दोष देऊ शकत नाही, पण त्याची उलटतपास घ्यावीच लागते.

‘मग शिक्षा किती लागल्या?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. मला तो पटत नाही. शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या १९९९ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की काहीही करून शिक्षा लागावी अशी तहान सरकारी वकिलाला असू नये, आणि आरोपीच्या हक्काचं जे असेल तेही त्याने कोर्टापुढे ठेवावं. मी इकडे आले ती यासाठी. खासगी वकिलीत पक्षकाराला अडचणीचा कागद मी स्वतःहून पुढे करू शकत नव्हते. इथे वैद्यकीय दाखला फिर्यादीशी जुळत नसेल, तर तो तसाच कोर्टाला दाखवणं हेच माझं काम आहे.

पोलिसांशी नातंही समजून घ्या. पूर्वी मॅजिस्ट्रेट कोर्टात पोलीस प्रॉसिक्यूटर उभे राहायचे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलीस अधिकाऱ्याला एपीपी नेमणं बंद केलं. तपास त्यांचा, खटला आपला. खटला मागे घ्यायचा असेल तर अर्ज सरकारी वकिलाने स्वतः विचार करून द्यायचा आणि संमती कोर्टाने द्यायची. आज ते त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० मध्ये आहे. वरून निरोप आला म्हणून सही करणारा माणूस या खुर्चीत नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे, पण त्याआधीच्या गुन्ह्यांत जुनी दंडसंहिताच लावावी लागते. तेव्हा दोन्ही कायदे तोंडपाठ हवेत. बढतीचं विचाराल, तर अभियोग संचालनालयात, म्हणजे आमच्या खात्यात, वरची पदं आहेत, तिथवर जायला वेळ लागतो.

जाहिरातीची वाट बघत घरी बसू नका. उद्या तुमच्या तालुक्याच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात मागच्या बाकावर जाऊन दिवसभर बसा, आणि लागोपाठ महिनाभर तेच करा. त्यानंतरही यायचं असेल, तर अभ्यासाचं काय ते मला जरूर विचारा.