खुंटी काठाबाहेर गेली आणि होडी पळू लागली

नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्यांच्या शर्यती लागल्या की काठावरून एकच ओरडा असतो, "जोर लावा रे!" पण नुसत्या जोराने होडी पळत नाही, हे खाडीत वल्हं मारलेल्या कुणालाही विचारा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या कॉलेजांच्या पोरांनाही हे पाण्यात उतरूनच कळलं. आपल्याकडच्या वल्हवणाऱ्यांनी त्यांची ही धडपड समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

त्या पोरांचा दिवस कडक असे. पहाटे घंटा, सक्तीची प्रार्थना (हार्वर्डमध्ये ही सक्ती १८८६ साली उठली), मग वर्गात उभं राहून लॅटिन, ग्रीक, गणिताचा पाठ म्हणून दाखवायचा. खेळाची सोय त्यांची त्यांनीच करायची. येलमध्ये १८४३ साली आणि हार्वर्डमध्ये १८४४ साली मुलांनी स्वतःच होड्या मिळवल्या. थंडीत नदी गोठली की वल्ही बंद, बर्फावर स्केटिंग सुरू.

३ ऑगस्ट १८५२ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपेसॉकी तलावावर दोन्ही कॉलेजं भिडली. अंतर सुमारे दोन मैल. खर्च रेल्वे कंपनीने उचलला, कारण शर्यत बघायला माणसं गाडीनेच येणार होती. जिंकली हार्वर्डची 'ओनायडा'. आठ वल्ह्यांची, ३७ फूट लांब, फळीवर फळी चढवून बांधलेली जड होडी, आणि वल्ही अडकवायला काठावर लाकडी खुंट्या. आपल्या बाजूचा माणूस ती बघून लगेच म्हणाला असता, ही तर आपल्यासारखीच!

पुढे होडी अरुंद होत गेली आणि खरी अडचण तिथे आली. वल्हं ही तरफ आहे. बारा फुटी वल्ह्याचा साधारण साडेतीन फूट भाग खुंटीच्या आत हवा, नाहीतर पातं इतकं जड लागतं की ओढवत नाही. दोन फूट रुंदीच्या होडीत काठावर खुंटी ठेवली तर तेवढी जागा मिळणार कुठून? म्हणून लोखंडी दांड्या लावून खुंटीच काठाबाहेर नेली. ही युक्ती इंग्लंडची, १८५०च्या दशकात हार्वर्डच्या होड्यांवर आली. होडी सडपातळ राहिली आणि तरफही पुरेशी लांब मिळाली.

दुसरी युक्ती बैठकीची. फळीवर घट्ट बसून ओढलं की पाठ आणि हात राबतात, पाय नुसते टेकलेले राहतात. १८७०च्या सुमारास येलची पोरं चामडी बूड लावलेल्या विजारी घालून चरबी चोळलेल्या फळीवर सरकू लागली. सरकणं थोडंसंच, पण मांड्यांचं बळ वल्ह्यात उतरलं. चाकांवरची बैठक हळूहळू रुळली.

यात चुका दोन होतात. पातं पाण्यात जायच्या आत पाय रेटले तर बूड निघून जातं आणि वल्हं मागे राहतं. दुसरी चूक परततानाची. वल्हवणाऱ्यांची तोंडं होडीच्या मागच्या टोकाकडे असतात. पुढचा हात मारायला सगळे घाईने सरकले की सगळ्यांचं वजन एकदम त्या टोकाकडे जातं आणि होडी थबकते. ओढताना झपाटा हवा, परतताना मात्र सावकाश यायचं.

पातं तिरपं पडलं तर पाणी त्याला खाली खेचतं आणि मूठ छातीवर आदळते. इंग्रजीत याला 'खेकडा पकडणं' म्हणतात, किती चपखल! अशा वेळी मुठीशी झोंबू नये, ती डोक्यावरून जाऊ द्यावी आणि होडी सावरावी. पातं उभं ठेवून फक्त पात्याएवढंच बुडवलं तर खेकडा सहसा लागत नाही.

त्या काळचा सराव मात्र उचलू नका. अर्धकच्चं मांस आणि मोजून पाणी, असा तेव्हा शिरस्ता होता. आपल्या उकाड्यात पाणी तोडलं तर पायांत गोळे येतील, चक्कर येईल.

रंगांची गोष्टही पाण्यावरचीच. १८५८ साली एका शर्यतीत आपली होडी लांबून ओळखू यावी म्हणून हार्वर्डच्या पोरांनी किरमिजी रेशमी रुमाल बांधले. त्यांत चार्ल्स एलियट होता, जो १८६९ पासून चाळीस वर्षं हार्वर्डचा अध्यक्ष राहिला. किरमिजी हाच पुढे कॉलेजचा रंग ठरला.

१८७८ पासून हार्वर्ड-येलची शर्यत, आता चार मैलांची, अमेरिकेतल्याच कनेक्टिकट राज्यातल्या न्यू लंडनजवळच्या थेम्स नदीत रुजली. नाव लंडनच्या नदीचं, पण पाणी आपल्या दाभोळ, जयगडच्या खाड्यांसारखं, भरती-ओहोटीचं. त्यामुळे तिथेही शर्यतीची वेळ ठरवायची तर आधी भरती बघावी लागते.