एकोणऐंशी कड्या

रविवारी जेवणं उरकल्यावर रणगाडा घेऊन बसलो. शर्मन या अमेरिकन रणगाड्याचं जुळवायचं किट, 1:35 प्रमाणातलं. पुरं झालं तर लांबी जेमतेम 16-17 सेंटिमीटर. 1965 च्या भारत-पाक युद्धात असल उत्तरच्या लढाईत डेक्कन हॉर्स या आपल्या रणगाडा-रेजिमेंटकडे होता तसा करायचाय, असं गेले चार महिने येईल त्याला सांगतोय. प्रत्यक्षात चाकांवरच्या पट्ट्यांतच अडकलोय.

एका बाजूला 79 कड्या, दोन्हीकडच्या मिळून 158. फ्रेमवरून कडी तोडली की तिला चार देठं राहतात. ती आधी ब्लेडने खरवडायची, मग काचकागदाने घासायची. मग दोन बाजूंना दोन क्लिपा. गोंद अंमळ जास्त झाला की कडी ताठ बसते आणि पट्टा वळायचं नाव घेत नाही. चाळीसेक कड्यांनंतर डोकं बंद पडतं. मला तेच तर हवं असतं, पण बायकोसमोर मी ‘काय करणार, करावंच लागतं’ असा चेहरा ठेवतो.

आजीचाही असाच चेहरा असायचा. तिने लाख वातींचा नेम धरला होता. दुपारी माजघरात पुढ्यात कापूस, वाटीत चमचाभर दूध. बोटं दुधात टेकवून कापसाचं टोक पिळलं की फुलवात उभी. वाकडी झाली तर ती मोजायची नाही. शंभर झाल्या की एक चिंचोका डब्यात. हजार चिंचोके झाले की लाख.

मला खेळायला चिंचोके लागायचे. एकदा त्या डब्यातलाच एक ढापला. आजीला कळलं नाही, म्हणजे तिने शंभर वाती फुकट वळल्या. सांगीन सांगीन म्हणत राहून गेलं.

परवाच्या रविवारी शेवटून तिसरी कडी चिमट्यातून उडाली. किटात जादा दिलेल्या दोन मी आधीच मोडून ठेवल्यात.

“अठ्ठ्याहत्तरने नाही का भागणार? कोण मोजायला बसलंय?” बायको म्हणाली.

भागेल की. खऱ्या रणगाड्याचा पट्टासुद्धा वापरून सैल पडला की एखादी कडी काढूनच टाकतात. पण हे तिला सांगितलं नाही. बॅटरी घेतली आणि पलंगाखाली शिरलो.