मारुतीला कुठवर?

ऑगस्ट २०१९. रविवार होता, पण गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की नाशिकच्या बातमीदाराला कसली सुट्टी! सकाळीच भांडी बाजार गाठला. ओळखीच्या एका काकांच्या दुकानात हंडे, पिंपं, तांब्याचे बंब माळ्यावर चढवणं चाललं होतं. मला बघताच त्यांनी मोबाइल पुढे केला.

"गंगापूर फुटलं! आणि तुमच्या पेपरला पत्ता नाही."

व्हिडिओत उंच दगडी भिंत, ओळीने दरवाजे आणि धो-धो पाणी.

"काका, गंगापूर मातीचं धरण. ही भिंत कुठून आली तिथे?"

त्यांनी डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. वरमले, पण माघार नाही. "बरं, नसंल फुटलं. पण तुमचा तरी काय भरवसा? २०१६ च्या पुरात तुमचा आकडा एक, दुसऱ्या पेपरचा भलताच. कोणीतरी खोटं छापलंच ना?"

खोटं कोणीच छापलं नव्हतं, पण चूक आमची होती. धरणातून सोडलेलं पाणी वेगळं मोजतात आणि खाली शहरात होळकर पुलाखालून जाणारं वेगळं. वाटेत पावसाचं, नाल्यांचं पाणी मिळतं, त्यामुळे पुलाचा आकडा फुगतो. आम्ही पुलाचे क्युसेक धरणाच्या नावावर छापले. खुलासा दोन दिवसांनी आला, आतल्या पानात, बोटभर. बातमी माझीच. व्हॉट्सअ‍ॅपवर खापर फोडायची आम्हाला हौस फार, पण काकांनी तो बोटभर खुलासा वाचलाच नव्हता. कोण वाचतं?

हे सगळं त्यांना सांगितलं. ते "हं" म्हणाले आणि नोकरावर खेकसले, "बंब आधी वर घे!"

दिवसभर दर तासाला विसर्गाचे मेसेज येत होते. या वेळी प्रत्येक आकड्यापुढे 'धरण' की 'पूल' ते स्वतः लिहून डेस्कला पाठवलं, वर फोन करून वाचूनही घेतलं. डेस्कवाला वैतागला.

अंधार पडला तेव्हा मी काठावर होतो, दुतोंड्या मारुतीसमोर. नदीतल्या याच मूर्तीवरून नाशिककर पूर मोजतात. काकांचा फोन.

"मारुतीला कुठवर लागलंय पाणी?"

"गळ्याशी."

"कोणी सांगितलं?"

"समोर उभा आहे, काका. टॉर्च मारून बघतोय."

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग त्यांचा आवाज, मला नव्हे, नोकराला: "गल्ल्यातल्या वह्या उचल रे. निघायचं."