आमची वाटचाल : अर्धवेळ बापांचं ऑफिस

सांगलीच्या गणपती पेठेत एका दुकानाच्या माडीवर आम्ही हिशेब लिहायचं काम सुरू केलं. हळदीचे अडते, बेदाण्याचे व्यापारी, दोन-चार किराणावाले, एवढीच गिऱ्हाइकं. बिलं पिशवीतून यायची. हळदवाल्याची पिशवी उलटी केली की टेबलावर पिवळी भुकटी सांडायची आणि कागदाची कड बघूनच पार्टी ओळखता यायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मार्चची धावपळ दर महिन्याला होऊ लागली आणि माणसं वाढवावी लागली.

मग २०१९ चा महापूर. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. माडीमुळे कागद वाचले, पण ऑफिसात पोचायचं कसं? पाणी ओसरल्यावर विश्रामबागेत जागा घेतली आणि सगळ्या पार्ट्यांची टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, क्लाउडवर टाकली. पुढच्या वर्षीच्या लॉकडाऊनमध्ये घरून काम करायची सवयही लागली. पुढे जे जमलं ते या तयारीमुळेच.

आमच्याकडचा एक जाणता पोरगा एके दिवशी राजीनामा घेऊन आला. बायको मिरजेत स्टाफ नर्स, पाळ्यांची ड्युटी. तिची बाळंतपणाची रजा संपत आलेली. आई-वडील जत तालुक्यात, जनावरं सोडून ते येणार कसे?

‘‘सर, तिचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे. मीच थांबतो घरी.’’

मी म्हटलं, ‘‘अरे, पूर्ण कशाला थांबतोस? अर्धा थांब.’’

यात परोपकार वगैरे काही नव्हता. अडत्यांचे हिशेब त्याला तोंडपाठ. नवा माणूस तिथवर यायला वर्ष जातं, आणि शिकला की पुण्याला जातो.

कायद्याकडे बघावं, तर मातृत्व रजा २०१७ च्या दुरुस्तीनं १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, पहिल्या दोन अपत्यांसाठी. तीही दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्यानं काहीच नाही. म्हणजे नियम आम्हालाच करायचा होता. १५ दिवस भरपगारी रजा आम्ही केंद्राचं बघून ठेवली, पण बाळ काही १५ दिवसांत मोठं होत नाही.

आमचं काम तारखांवर चालतं. ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, १४ ला टू-बी, म्हणजे पुरवठादारांनी टाकलेल्या बिलांची यादी दिसते, मग खरेदीची बिलं जुळवायची आणि २० ला थ्री-बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न. २१ नंतर ऑफिस निवांत. म्हणून रोजचे चार तास असा हिशेब न करता महिन्याचे तास धरले. २०० ऐवजी १२० तास, पगार ६० टक्के, पगारवाढ मात्र इतरांइतक्याच टक्क्यांनी. बायकोच्या पाळ्यांचा तक्ता लागला की तो आपले तास लावून देतो. पार्ट्या निम्म्या केल्या आणि प्रत्येक पार्टीला दुसरा एक जोडीदार नेमला.

जोडीदारासाठी एक वही ठेवली. उठताना तिच्यात लिहायचं : काय आलं, काय अडलं, कोणाला फोन करायचा. त्याच्या अक्षरातली एक नोंद अशी : ‘तीन बिलं टू-बीत नाहीत. पुरवठादार म्हणतो पुढच्या ११ च्या आत टाकतो. विश्वास ठेवू नये.’ कुठलंही सॉफ्टवेअर हे शेवटचं वाक्य लिहून देणार नाही.

अडचण आली ती ओटीपीची. तो पार्टीच्या मोबाइलवर जातो, आणि मार्केट यार्डात सौदे सुरू झाले की अडत्या फोन उचलत नाही. त्यामुळे हळदवाल्यांचे रिटर्न सकाळी लवकर भरायचे ठरवले. एका जुन्या अडत्यानं मला गाठलंच.

‘‘काय ओ, पोराला कमी केलंय व्हय?’’

‘‘नाही, दुपारी बाळ सांभाळतो.’’

‘‘आन् बायको?’’

‘‘ती ड्युटीला.’’

‘‘मग आमचं कोण बघतंय?’’

‘‘तोच.’’

त्यांना पटलं नाही, हे दिसत होतं. महिन्याभरानं मात्र हेच अडते फोनवर आधी ‘झोपलं का पोरगं?’ विचारून मग ओटीपी सांगू लागले.

बाहेरच्यांची समजूत घालणं सोपं गेलं. ऑफिसातल्या बिनलग्नाच्या पोरांनी विचारलं, ‘‘सर, वीस तारखेचा उरलेला भार आम्हीच का ओढायचा?’’ प्रश्न रास्त होता. तेव्हापासून वर्षभर काम केलेल्या कोणालाही कमी तास मागता येतात, कारण काहीही असो. एक बाई सासूबाईंच्या डायलिसिसच्या दिवशी येत नाहीत. दुसऱ्या एका बापाचं पोरगं बालवाडीत आहे, तो साडेअकराला ऑफिसातून उठतो आणि संध्याकाळी घरून तास भरतो. खर्च वाढतो, हेही सांगायला हवं. खुर्ची, कॉम्प्युटर, शिकवणी दोघांना द्यावीच लागते. पण गेल्या तीन वर्षांत जुनं माणूस एकही सुटलेलं नाही.

सप्टेंबर मात्र काही केल्या अर्धा होत नाही. ३० तारीख टॅक्स ऑडिटची, म्हणजे आयकरासाठीच्या हिशेब तपासणीची, आणि मुदतवाढ मिळणार या अफवेवर विसंबून पार्ट्या कागद देत नाहीत. त्या महिन्यात अर्धवेळवालेही पूर्ण दिवस बसतात. जादा तासांचे पैसे देतो, जूनमध्येच सांगून ठेवतो, तरी मिरजेच्या त्या घरात दरवर्षी सप्टेंबरसाठी गावाकडून आजीला आणावं लागतं आणि जनावरं शेजाऱ्याच्या गळ्यात पडतात. यावर कोणाला उपाय सापडला असेल तर विश्रामबागेत या, २१ तारखेनंतर.